कॅसिनोवाल्या काकू

लखनौला बदली झाली तेव्हा बँकेतल्या एका सहकाऱ्याने मला अलीगंजमधलं एक घर सुचवलं. वरची खोली, वेगळा जिना, छोटंसं स्वयंपाकघर. "मकान मालकिन आपके महाराष्ट्र की ही हैं," तो म्हणाला आणि जरा घुटमळला. "बस, एक बात है. कसीनो जाती हैं." घरात चावरा कुत्रा आहे हे सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

मी सांगली सोडून पहिल्यांदाच इतक्या लांब आलेली. वाटेत रिक्षात बसून मी मनाशी एक बाई रंगवली, गडद लिपस्टिकवाली, बोटांत सिगारेट धरलेली. दार उघडलं ते फिकट हिरव्या सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा घातलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि एका बशीतून वाळ्याच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला छोटा नॅपकिन पुढे केला.

"तोंड पूस आधी. धूळ असते रस्त्याला."

मी ओळख करून द्यायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. "पाहुण्याचं पाणी पिऊन होईपर्यंत त्याला काही विचारायचं नाही आणि त्याने काही सांगायचं नाही. नियम आहे माझा." माझा ग्लास रिकामा झाला तशा त्या सावरून बसल्या. "हाँ. आता बोल. किती दिवस मुक्काम?"

"बदली होईपर्यंत."

"अच्छा. म्हणजे लाँग स्टे."

काकू मूळच्या साताऱ्याच्या. काका हवाई दलात होते. शेवटची नेमणूक लखनौला झाली, इथली थंडी आणि इथले लोक दोघांनाही मानवले, म्हणून त्यांनी अलीगंजमध्ये घर बांधलं आणि इथेच राहिले. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा पुण्यात, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. काकू एकट्या राहायच्या आणि दर मार्चमध्ये, होळीचे रंग रस्त्यावरून धुऊन गेले की, काठमांडूच्या एका जुन्या कॅसिनो हॉटेलात आठवडाभर राहून यायच्या. गल्लीत सगळे त्यांना 'कसीनोवाली आंटी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

त्या हॉटेलाची सावली त्यांच्या घरभर होती. माझ्या खोलीची चावी साधीच होती, पण तिला पितळेचा एक गोळा अडकवलेला, मुठीत मावणार नाही एवढा. मी दोन दिवस तो पर्समध्ये घालून बँकेत नेला आणि माझा खांदा भरून आला. तिसऱ्या दिवशी मी तो काढून ठेवायची परवानगी मागितली.

"मग तो कशासाठी आहे?" काकू म्हणाल्या. "चावी जड असली की माणूस ती घेऊन हिंडत नाही. कुणाच्या तरी हातात देऊन जातो. संध्याकाळी परत मागायला येतो. तेव्हा त्या कुणाला तरी कळतं की आला बाबा सुखरूप. नव्या हॉटेलांत पत्त्यासारखं कार्ड देतात. मेलात तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

तेव्हापासून मी सकाळी चावी त्यांच्या हातात द्यायला लागले. संध्याकाळी त्या ती परत देताना माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहून घ्यायच्या. सांगलीला आईसुद्धा इतकं पाहत नसे.

बैठकीच्या खोलीत घड्याळ नव्हतं. आलेल्या माणसाला वेळ दिसता कामा नये, ही कॅसिनोची पद्धत. तिथे ती लोकांनी खेळत राहावं म्हणून असते. इथे काकूंना लोकांनी बोलत राहावं असं वाटे. एकदा गॅसची तक्रार घेऊन आलेला एजन्सीचा माणूस त्यांच्याशी त्याच्या मुलीच्या लग्नावर बोलत बसला तो जेवूनच गेला.

एकदा त्यांच्या भाच्याच्या मुलाचं रिसेप्शन गोमतीनगरमधल्या एका नव्याकोऱ्या हॉटेलात होतं. मला सोबत नेलं होतं. दारात एक उभा स्क्रीन होता, त्यावर पाहुण्यांनी नाव टाकायचं. काकूंनी त्याला हात जोडून नमस्कार केला आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. मागे रांग लागली. शेवटी आतून एक मुलगी धावत आली आणि "वेलकम मॅम" म्हणाली, तेव्हाच त्या पुढे सरकल्या. आत लॉबीतल्या खुर्च्या पाहून त्यांनी मान हलवली. "बघ, पाठ टेकली की घसरायला होतं. ही खुर्ची माणसाला ऊठ म्हणतेय. माझ्या हॉटेलातल्या खुर्चीत बसलं की ती म्हणते, काय घाई आहे?"

प्रवासाची तयारी होळीच्या आधी सुरू होई. एका रविवारी त्या मला घेऊन जुन्या लखनौतल्या चौक बाजारात गेल्या. आधी आम्ही द्रोणातून केशर घातलेली मक्खन मलाई खाल्ली, कारण थंडी सरली की ती मिळत नाही. मग एका अरुंद गल्लीतल्या चिकनच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या कपड्यांच्या दुकानात जाऊन बसलो. काकू कुर्ते काढायला लावत होत्या, बाह्या तपासत होत्या, उलट्या बाजूचे टाके बघत होत्या. गादीवर कपड्यांचा डोंगर झाला.

"शादी है घर में, अम्मा?" दुकानदाराने हौसेने विचारलं.

"नहीं भैया. कसीनो जा रही हूँ. वहाँ के लड़के-लड़कियों के लिए."

दुकानदाराचा हात कापडावरच थांबला. मग तो एवढंच म्हणाला, "अल्लाह आपको जिताए."

"मुझे छोड़ो," काकू म्हणाल्या, "यह बटन ढीला है."

असं सगळ्यांनाच झेपत नसे. त्या वर्षी गणपतीत, मराठी मंडळी जमली होती तेव्हा, आरती झाल्यावर एका काकांनी प्रेमाने विचारलं, "काय वहिनी, आता एकदा चारधाम उरकून घ्या. मुलाला सांगू का?"

"छे हो," काकू मोदकाला तूप लावत म्हणाल्या, "मला कॅसिनो पुरतो. तिथेही लोक मागायलाच येतात. फक्त कपडे चांगले घालून येतात."

बायका हसल्या, पण ते काका हसले नाहीत. त्यांनी पुण्याला फोन केला. आणि पुण्याहून मला फोन आला.

"तुम्ही वर राहता ना?" काकूंच्या मुलाचा आवाज थकलेला वाटला. "खरं सांगा. आईला व्यसन लागलंय का? मला वाटायचं, जाते कुठेतरी फिरायला. लोक मला फोन करून सांगतायत की ती चारचौघांत जुगाराचं कौतुक करते." मी म्हटलं की मला तसं काही दिसलेलं नाही. ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत तो नव्हता. त्याचं ठरलं होतं. घर विकायचं आणि आईला पुण्याला न्यायचं. बाराव्या मजल्यावर त्याने तिच्यासाठी खोली तयार ठेवली होती.

तो फेब्रुवारीत आलाच. मी चावी घ्यायला खाली गेले तर मायलेक समोरासमोर बसले होते. काकूंनी मलाही बसायला सांगितलं.

"आई, तू या वयात एकटी सरहद्द ओलांडून जुगार खेळायला जातेस. मला काय वाटत असेल?"

"तुला काय वाटतं ते तू सांगितलंस. आता तू चल आणि बघ. ही पण येईल. हिने नेपाळ पाहिलेलं नाही." त्यांनी मला विचारलंही नव्हतं. "बघून झाल्यावर घर विक म्हणालास तर विकू. मी एक शब्द बोलणार नाही."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी रजेचा अर्ज कसा लिहावा याचा विचार करत होते.

तर मार्चमध्ये आम्ही तिघं निघालो. बसने सोनौली, सायकलरिक्षाने सरहद्दीपलीकडे आणि तिथून छोट्या विमानाने काठमांडू. मुलगा वाटभर फोनवर कामाचं बोलत होता. काकू विमानाच्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

हॉटेल जुनं होतं आणि आपलं वय लपवत नव्हतं. दारावरच्या दरबानाच्या मिशा पांढऱ्या, जिन्याच्या कठड्याचं लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं, पायाखाली लाल गालिचा, मध्ये जरा विरलेला. लॉबीत पितळी दिवे आणि खरोखरच काय घाई आहे असं म्हणणाऱ्या खुर्च्या. "नमस्ते आमा!" दरबान, रिसेप्शनवरची मुलगी, सामान उचलणारा, सगळे तेच म्हणत होते. आमा म्हणजे नेपाळीत आई. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "गुडघा कसा आहे?" मुलगा चमकला. आईचा गुडघा दुखतो हे त्याला तिथे कळलं.

मी इतरांकडे बघत होते. पाटण्याचं एक म्हातारं जोडपं दर वर्षी तीच खोली मागत होतं. सुरतेच्या चार मैत्रिणी एकसारख्या साड्या नेसून आल्या होत्या. शहरात आता याहून मोठी, चकचकीत हॉटेलं होती, तिथे कॅसिनो म्हणजे भिंतभर यंत्रं. मी पाटण्याच्या आजोबांना विचारलं की तुम्ही तिकडे का जात नाही. ते म्हणाले, "बेटी, वहाँ मशीन से हारना पड़ता है. यहाँ आदमी से हारते हैं. वह सॉरी तो बोलता है."

कॅसिनोचा हॉल तळमजल्यावर होता. खिडकी नाही. वर झुंबर, खाली हिरव्या कापडाची टेबलं. रूलेटच्या टेबलापाशी कोपऱ्यात एक खुर्ची काकूंची म्हणून ठरलेली. लाल-काळ्या आकड्यांचं चाक फिरे, त्यात पांढरी गोळी धावे, लोक पैशांऐवजी मिळालेल्या रंगीत चकत्या आकड्यांवर ठेवत. काकू काहीच ठेवत नव्हत्या. त्या माणसांकडे पाहत होत्या.

समोर कानपूरचा एक व्यापारी होता, घामाने कॉलर ओली झालेला. तो सकाळपासून हरत होता, हे त्याच्या हातांवरून कळत होतं. काकू थोडा वेळ पाहत राहिल्या. मग खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी गेल्या.

"बेटा, खाना खाया?"

तो दचकला. "जी? नहीं, माताजी. अभी..."

"घर में कौन बनाता है खाना?"

"पत्नी."

"उसको मालूम है, तुमने नहीं खाया?"

माणसाने हातातल्या चकत्यांकडे पाहिलं. त्या खिशात टाकल्या आणि तो उठून गेला. थोड्या वेळाने त्यांनी आणखी एकाला उठवलं. मग सुटाबुटातले मॅनेजर लगबगीने आले, वाकून नमस्कार केला आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "आमा, आज आपकी चाय बगीचे में लगवा दूँ? धूप बहुत अच्छी है."

"मला बाहेर काढतायत," काकू आम्हाला मराठीत म्हणाल्या आणि खुशीत उठल्या. "दर वर्षी काढतात. पण कसं काढतात बघ! केकसुद्धा देतात."

मुलगा बागेत केकचे तुकडे करत बसला. इतक्या वर्षांत आई इथे येऊन लोकांना जेवायला उठवते, हे त्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दिसेना. खोलीत नाही, लॉबीत नाही. मी आणि काकू हॉलमध्ये गेलो तर तो रूलेटच्या टेबलापाशी बसलेला. बाह्या वर सरकवलेल्या, केस विस्कटलेले, डोळे चाकावर. आधी जिंकला असावा, आता जात होतं. मी काकूंकडे पाहिलं. आता त्या जाऊन 'जेवलास का?' विचारणार, असं मला वाटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"उठवत नाही?" मी हळूच विचारलं.

"राहू दे. लहानपणी त्याला कुणी खेळू दिलं नाही. सारखी बदली, सारखी नवी शाळा, सारखा अभ्यास. मीपण नाही दिलं." त्या त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. "जेवूनच बसलाय तो. मी पाहिलंय."

शेवटची चकती गेली तेव्हा त्याने मान वळवली आणि मागे उभी असलेली आई त्याला दिसली. पन्नाशीला आलेला तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

"मजा आली?" काकूंनी विचारलं.

त्याने वर सरकवलेल्या बाह्या खाली ओढल्या. शेवटी म्हणाला, "हो."

संध्याकाळी आम्ही बागेत बसलो होतो. ऊन गवतावरून उतरत चाललं होतं. त्याने विचारलं, पण या वेळी आवाजात तक्रार नव्हती. "आई, पण तू खेळत नाहीस. मग इथे का येतेस?"

काकूंनी कप खाली ठेवला.

"तुझे बाबा गेले ना, तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. तूसुद्धा. शेजारपाजारचे, मंडळातले, बँकेतले. जप करा, आराम करा, नातवंडं बघा. चांगल्या मनानेच बोलत होते. दोन वर्षं मी ते ऐकलं. मग एकदा मनात आलं की आम्ही दोघं इथे आलो होतो, त्यांची नेमणूक गोरखपूरला होती तेव्हा, ते हॉटेल अजून आहे का बघू. आले. तसंच होतं. नुसती बघायला म्हणून मी त्या टेबलापाशी उभी राहिले. तिथे एक मुलगी होती, चाक फिरवणारी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, 'मॅडम, आप किस पर लगाएँगी?'" काकू हसल्या. "म्हणजे बघ, तिला वाटलं की माझं अजून काहीतरी लागायचं बाकी आहे."

मुलाने आपली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली. घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि नंतरही नाही.

आता माझी नागपूरला बदली झालीय. काकू अलीगंजमध्येच आहेत. वरच्या खोलीत आता मेडिकलला शिकणारी एक मुलगी असते, ती मराठी समजते पण उत्तरं हिंदीत देते. मुलगा दर मार्चमध्ये रजा काढून आईला सोडायला सोनौलीपर्यंत येतो, कधीकधी बायकोलाही आणतो. हे सगळं मला फोनवर कळतं. पण काकू म्हटलं की मला आठवते ती त्या प्रवासातली शेवटची सकाळ.

सामान लॉबीत आणून ठेवलं होतं. विमानाला वेळ होता. काकू म्हणाल्या, "चला, माझी चकती लावून येऊ." निघायच्या दिवशी त्या एकच चकती लावायच्या, वर्षातली तेवढीच. आजवर एकदाही त्यांचा आकडा आलेला नव्हता. हॉल जवळजवळ रिकामा होता. चाकापाशी चिकनचा नवा कुर्ता घातलेली एक मुलगी उभी होती, ड्यूटी संपल्यावर घालायचा सोडून तिने तो आत्ताच, काळ्या जॅकेटच्या आत घातला होता. काकूंनी कुठला आकडा आहे हे न पाहताच, जिथे हात पोचला तिथे चकती ठेवली.

चाक फिरलं. गोळी दोनदा उडाली आणि थांबली.

"आमा!" ती मुलगी ओरडली.

टेबलापाशी आलेल्या सुरतेच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. दरबान आत डोकावला. मुलीने चकत्यांचा ढीगच्या ढीग काकूंपुढे सरकवला.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"आई, तू जिंकलीस!" मुलगा जवळजवळ उडी मारून म्हणाला.

"ते दिसतंय मला. पण का?"

त्या खाली बसल्या. चेहरा असा उतरला होता की मी घाबरून पाणी आणायला निघाले. त्या चकत्या एका बोटाने ढकलून पाहत होत्या, जशा काही दुसऱ्याच्या असाव्यात.

"काकू, काय झालं?"

"अगं, दर वर्षी निघताना मी म्हणते, थोडक्यात गेलं, पुढच्या वर्षी बघू. दरबानालापण तेच सांगते. तोही म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की, आमा." त्यांनी त्या ढिगाकडे वैतागून पाहिलं. "आता मी काय म्हणू?"

मुलाने समजावलं. यात्रेला जाऊ, नवा सोफा घेऊ, गुडघ्याचं ऑपरेशन करू. त्या ऐकत होत्या आणि ऐकत नव्हत्या. मग एकदम सावरून बसल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी तो सगळा ढीग पुढे लोटला.

"काळ्यावर," त्या म्हणाल्या.

"आई!"

"आमा, सब?" मुलीने विचारलं.

"सब."

चाक फिरायला लागलं. मुलाने टेबलाची कड घट्ट धरली होती. सुरतेच्या बायकांपैकी एकीने डोळे मिटले. गोळी काळ्यावर टेकली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि शेजारच्या लाल घरात जाऊन पडली.

"सॉरी, आमा," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. तिने चकत्या ओढून घेतल्या आणि हिरवं कापड पुन्हा रिकामं झालं.

मुलगा आधी थक्क होऊन पाहत राहिला. मग त्याला हसू फुटलं. ते थांबेचना. खुर्चीच्या पाठीला धरून तो हसत होता, आणि मी त्या माणसाला त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

काकूंनी पर्स उचलली. चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. ताठ चालत त्या लॉबीतून दारापर्यंत गेल्या. दरबानाने दार उघडून धरलं आणि विचारलं, "क्या हुआ, आमा?"

"थोड़े में गया, भैया," काकू उजळलेल्या तोंडाने म्हणाल्या. "अगले साल देखेंगे."